स्वस्त ब्रॉडबँड: नियामकाने नेमका हात कुठे घालायचा?

हिशेबी (धागाकर्ता)

इंटरनेट महाग आहे म्हटलं की पहिली सूचना ठरलेली असते: नियामकाने कमाल दर ठरवून टाकावा, विषय संपला. पण तो दर सर्वांत आधी कोणाला परवडतो? जिची तार कधीच जमिनीत गेली आहे आणि जिचे पैसे वसूल झाले आहेत, त्या जुन्या बड्या कंपनीला. जिला आता खोदायचंय तिला परवडत नाही. ग्राहकासाठी काढलेला नियम स्पर्धकालाच दाराबाहेर ठेवतो.

म्हणून बहुतेक अनुभवी नियामक किरकोळ दराला शेवटी हात घालतात. आधी साखळीत मागे जाऊन अडकतंय कुठे ते पाहतात. युरोपीय संघात तर ही पद्धत कायद्यातच बसवली आहे. आधी बाजार ठरवायचा. मग तीन प्रश्न: नव्याला शिरायला मोठे आणि कायमचे अडथळे आहेत का? काही वर्षांत स्पर्धा आपोआप येईल अशी चिन्हं आहेत का? नुसता स्पर्धा कायदा पुरेल का? पहिल्याचं उत्तर हो आणि उरलेल्या दोन्हींचं नाही आलं, तरच पुढे जायचं आणि त्या बाजारात वरचढ कंपनी कोण ते जाहीर करायचं. मग उपाय: जाळं वापरू देणं, सर्वांना सारख्या अटी, दरपत्रक उघड करणं, हिशेब वेगळे ठेवणं आणि गरज पडली तर घाऊक दरावर, म्हणजे स्पर्धक कंपन्यांना लावायच्या दरावर, मर्यादा. साधारण दर पाच वर्षांनी हे सगळं पुन्हा तपासायचं आणि जिथे स्पर्धा आली तिथून नियम काढून घ्यायचे.

आता परवडणारं म्हणजे किती? संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये उद्दिष्ट ठेवलं होतं की प्राथमिक पातळीची जोडणी दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांखाली यावी, २०२५ पर्यंत. मात्र हा सरासरीचा आकडा आहे. देश त्यात बसला तरी तळातल्या कुटुंबांना त्याच जोडणीसाठी उत्पन्नाचा कितीतरी मोठा वाटा मोजावा लागू शकतो.

ज्यांनी या अटी-शर्ती, दरपत्रकं, खर्चाची मॉडेलं हाताळली आहेत त्यांनी भर घालावी.

शंकेखोर

"जाळं वापरू देणं" हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात कोण कुठली वायर कुठे जोडतं?

सांधाजोड

तांब्याच्या काळात खरोखर सोपं होतं. प्रत्येक घराची स्वतंत्र तांब्याची जोडी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मोठ्या फ्रेमवर येऊन संपते. ग्राहक बदलला की तंत्रज्ञ फ्रेमवरची जंपर वायर जुन्या कंपनीच्या उपकरणातून काढून नव्या कंपनीच्या उपकरणाला जोडतो. त्याच इमारतीत नव्या कंपनीला रॅक, वीज आणि कूलिंग भाड्याने मिळायला हवं. युरोपीय संघाने २००० च्या नियमाने जानेवारी २००१ पासून हे सक्तीचं केलं.

फायबरमध्ये इथेच गोची होते. नेहमीच्या रचनेत एक्स्चेंजमधून एक तंतू निघतो आणि वाटेतला स्प्लिटर तो ३२ घरांत वाटतो. त्यातलं एकच घर दुसऱ्या कंपनीला तोडून देता येत नाही, कारण मागचा तंतू सामाईक आहे. उपाय दोन. एक, आभासी जोडणी: भौतिक तार बड्या कंपनीचीच, पण त्या घरापर्यंतचा डेटाचा मार्ग नव्या कंपनीला जवळपास स्वतःचा असल्यासारखा वापरायला मिळतो, वेग आणि दर्जा नवी कंपनीच ठरवते. दुसरा उपाय रचनेतच करावा लागतो. फ्रान्सने तो केला.

तिथे ऑगस्ट २००८ च्या कायद्याने इमारतीतली फायबर जी कंपनी आधी टाकेल तिला ती इतरांना वापरू द्यावी लागते. दाट शहरी भाग सोडून इतरत्र आर्सेप या नियामकाने असा नियम केला की सामाईक जोडणी-बिंदूवर, म्हणजे रस्त्यावरच्या एका कपाटात, साधारण किमान १,००० घरं यावीत. त्या कपाटापासून घरापर्यंत प्रत्येक घराला स्वतंत्र तंतू, आणि स्प्लिटर कपाटात, प्रत्येक कंपनीचा आपापला. ग्राहकाने कंपनी बदलली की कपाटात पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी तार) हलवायची, संपलं.

यात काय बिघडतं तेही सांगतो. कपाट सगळ्यांचं, म्हणून त्याची काळजी कोणाचीच नाही. उपकंत्राटाखालचं उपकंत्राट घेतलेला माणूस घाईत येतो, मोकळं पोर्ट सापडलं नाही की दुसऱ्याची पॅचकॉर्ड उपटून आपली खोचतो. शेजारचं घर बंद. कपाटातल्या दोऱ्यांचा शेवयांसारखा गुंता होतो, मग कुठला तंतू कुणाचा हे नोंदवहीत एक आणि जागेवर दुसरंच. काम झाल्यावर कपाटाचा फोटो अपलोड केल्याशिवाय बिल पास करायचं नाही ही साधी अट इथे पानभर नियमांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

डक्टवाला

सांधाजोड यांनी वरच्या थराचं सांगितलं, मी खालच्याचं सांगतो. फायबर स्वतः महाग नाही. पैसा जातो रस्ता फोडण्यात, पाइप टाकण्यात, बुजवण्यात आणि परवानग्यांत. म्हणून जुने डक्ट (जमिनीखालचे केबलचे पाइप) आणि खांब नव्या कंपनीला वापरू देणं हा माझ्या मते सर्वांत खोलवर जाणारा उपाय आहे. ती स्वतःची फायबर टाकते, त्यामुळे वरचं काही बड्या कंपनीवर अवलंबून राहत नाही.

पण कागदावर आणि जमिनीवर फार फरक पडतो. ब्रिटनमध्ये ही सोय २०१० पासून होती, वापर नगण्य. कारणं बारीक होती आणि तीच निर्णायक ठरली. डक्ट कुठून कुठे जातो याचा नकाशा अपुरा. सर्वेक्षणाला माणूस पाठवला तर चेंबरमध्ये गाळ आणि पाणी. रॉड घालून पाहिला तर मध्येच अडतो: कुठे पाइप बसलेला, कुठे मुळं शिरलेली, कुठे वापरात नसलेल्या तांब्याच्या केबलने जागा भरलेली. आता ही दुरुस्ती कोणाच्या पैशाने? सगळा भार नव्या कंपनीवर टाकला तर तिला आधीच माहीत नसतं की पुढच्या किलोमीटरला किती अडथळे निघतील. अंदाजपत्रक बनत नाही, बँक कर्ज देत नाही. शिवाय ही सोय घरगुती ब्रॉडबँडपुरती होती, कार्यालयांना दिल्या जाणाऱ्या लीज्ड लाइनसाठी नव्हे. एकाच खंदकातून दोन्ही उत्पन्नं मिळाली तरच गणित बसतं, आणि नेमकं तेच मना.

ऑफकॉम या ब्रिटिश नियामकाने २०१८ मध्ये दुरुस्तीचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत मालक कंपनीने करावा आणि तो डक्ट वापरणाऱ्या सगळ्यांवर, तिच्या स्वतःच्या सेवांवरही, पसरवावा असं केलं. २०१९ मध्ये वापरावरची बंधनं काढली. त्यानंतर पर्यायी फायबर कंपन्यांचा वेग वाढला.

खांबांचं दुखणं वेगळं. नवी केबल लावायची तर आधीच्या केबल वर-खाली सरकवाव्या लागतात. अमेरिकेत पूर्वी खांबावरची प्रत्येक कंपनी आपापला माणूस आपापल्या सवडीने पाठवायची, एकामागून एक. चार केबल असतील तर चार फेऱ्या, आणि त्यातली एखादी कंपनी तुमची थेट स्पर्धक. ती कशाला घाई करेल! ऑगस्ट २०१८ मध्ये एफसीसी या तिथल्या नियामकाने नियम बदलला: साधं सरकवण्याचं काम असेल तर नवी कंपनी मान्यताप्राप्त कंत्राटदार नेमून सगळ्यांच्या केबल एकाच फेरीत सरकवू शकते. जुन्यांना १५ दिवसांची नोटीस द्यायची. ज्यात सेवा बंद पडण्याचा किंवा खांब बदलण्याचा प्रश्न आहे ती गुंतागुंतीची कामं या सवलतीत नाहीत.

खटपट्या

+१. डक्ट देताना उप-डक्टचा (मोठ्या डक्टच्या आतल्या लहान पाइपचा) नियमही लिहायला हवा. पहिला भाडेकरू जाड केबल घालून सगळी जागा व्यापतो आणि दुसऱ्याला "जागा शिल्लक नाही" असं उत्तर मिळतं. लहान मायक्रोडक्टचा जुडगा घातला तर हवेने फायबर फुंकून त्याच जागेत अनेकांची सोय होते.

शंकेखोर

समजा जोडणी दिली, डक्ट दिला. मग बडी कंपनी घाऊक दर चढा लावून गळा दाबेल की.

हिशेबी

दाबतेच. याला मार्जिन स्क्वीझ म्हणतात आणि ते ओळखण्याची चाचणी बेरीज-वजाबाकीची आहे. समजा बड्या कंपनीचा किरकोळ दर १०० एकक. तीच कंपनी स्पर्धकाला घाऊक जोडणी ७० ला देते. उरले ३०. त्यात स्पर्धकाला शहरांमधला डेटा वाहून नेणं १२, ग्राहकसेवा ९, जाहिरात आणि विक्री ८, मोडेम ५, बिलिंग ३. बेरीज ३७. म्हणजे दर ग्राहकामागे ७ चा तोटा. घाऊक दर एकटा पाहिला तर वाजवी वाटतो, किरकोळ दर तर स्वस्तच दिसतो. दोन्ही दरांमधली फट पाहिल्याशिवाय कळत नाही.

भांडण असतं आकड्यांच्या आतल्या गृहीतकांवर. हे ३७ कोणाचे धरायचे? बड्या कंपनीच्या आकारमानाचे धरले तर कदाचित २८ येतील आणि ती चाचणीत पास होईल. लहान पण काटकसरी कंपनीचे धरले तर नापास. ग्राहक मिळवण्याचा खर्च किती महिन्यांत वसूल धरायचा, २४ की ६०? पहिले सहा महिने निम्म्या दराची योजना धरायची की नाही? टीव्हीचं पॅकेज सोबत फुकट असेल तर त्याची किंमत कुठे दाखवायची? नियामकाने ही गृहीतकं आधी जाहीर केली नाहीत, तर प्रत्येक प्रकरण कोर्टात जातं आणि निकाल येईपर्यंत तक्रारदार बंद पडलेला असतो.

उदाहरणं आहेत. डॉइचे टेलिकॉमला युरोपीय आयोगाने मे २००३ मध्ये १.२६ कोटी युरो दंड केला, कारण काही काळ स्पर्धकांकडून घेतलेला घाऊक दर स्वतःच्या ग्राहकांच्या किरकोळ दराहूनही जास्त होता. राष्ट्रीय नियामकाने दर मंजूर केले होते हा बचाव टिकला नाही: किरकोळ दर वाढवून फट रुंद करायला कंपनीला वाव होता. तेलेफोनिकाला २००७ मध्ये स्पेनच्या ब्रॉडबँडसाठी सुमारे १५.२ कोटी युरो. अमेरिकेत मात्र उलटं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये लिंकलाइन प्रकरणात म्हटलं की स्पर्धा कायद्याखाली घाऊक सेवा देण्याचं बंधनच नसेल तर फटीची तक्रार टिकत नाही. त्यामुळे तिथे सगळा भार आगाऊ नियमनावर पडतो.

लहरमोजणी

एक विरोधी सूर. तुम्ही सगळे वाटणीबद्दल बोलताय. उद्या खर्चाच्या भावाने जाळं दुसऱ्याला द्यावं लागणार असेल तर आज खोदेल कोण? अमेरिकेने २००३ मध्ये घरापर्यंतच्या नव्या फायबरला वाटणीच्या बंधनातून मोकळं केलं ते याच कारणाने.

सांधाजोड

मुद्दा खरा आहे, पण "वाटणी की गुंतवणूक" अशी निवड करावीच लागते असं नाही. ऑफकॉमने मार्च २०२१ मध्ये ओपनरीचच्या (बीटी या जुन्या बड्या ब्रिटिश कंपनीची जाळं सांभाळणारी शाखा) ४० मेगाबिटच्या घाऊक सेवेचा दर महागाईशी बांधला आणि त्यावरच्या फायबर वेगांचे दर मोकळे सोडले. ती ४० मेगाबिटची सेवा जहाजाच्या नांगरासारखी: वरचे वेग फार महाग केले तर ग्राहक खाली सरकतो, त्यामुळे वरच्या दराला आपोआप लगाम. आणि खोदणाऱ्याला परतावा मिळण्याची आशा राहते.

न्यूझीलंड आणखी पुढे गेला. जुनी टेलिकॉम कंपनी ३० नोव्हेंबर २०११ ला दोन तुकड्यांत फोडली. तारांचं जाळं असलेल्या कोरस कंपनीला किरकोळ विक्री मनाई. जिला स्वतःचा किरकोळ ग्राहकच नाही तिला कोणाला झुकतं माप देण्यात रस उरत नाही, ती फक्त जास्तीत जास्त जोडण्या विकायला पाहते. किंमत अशी की वाद सुटत नाहीत, जागा बदलतात: आता भांडण कोरसला एकूण किती उत्पन्न घेऊ द्यायचं याचं. २०२२ पासून तिथे त्या उत्पन्नावर मर्यादा आहे.

आकडेमोड

घाऊक दराचा आकार किती महत्त्वाचा याचं उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलिया. सरकारी एनबीएन कंपनी २००९ मध्ये स्थापन झाली, घाऊकच विकते. दराचे दोन भाग केले: प्रत्येक घराचं भाडं, आणि वर सगळ्या घरांच्या सामाईक क्षमतेचं प्रति मेगाबिट भाडं. दुसऱ्या भागाने घोळ घातला.

हिशेब असा. विक्रेत्याचे १,००० ग्राहक, रात्री गर्दीच्या वेळी सरासरी २ मेगाबिट प्रत्येकी. २,००० मेगाबिट घ्यायला हवेत. विक्रेता दर कमी दाखवायच्या नादात १,२०० घेतो. ५० मेगाबिटची जोडणी घेतलेल्याला सकाळी ५० मिळतात, रात्री आठला चित्र अडकतं. जमिनीतल्या फायबरमध्ये दोष काहीच नाही. ग्राहकाला वाटतं मोडेम खराब, कॉल सेंटर म्हणतं बंद करून चालू करा.

स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये विक्रेत्यांना सांगितलं की जाहिरातीत कमाल वेग नको, संध्याकाळी ७ ते ११ मधला नेहमीचा वेग लिहा. सोबत स्वयंसेवकांच्या घरी मोजणी-यंत्रं बसवून निकाल विक्रेत्यानुसार जाहीर करायला सुरुवात केली. विक्रेते क्षमता वाढवायला लागले. पुढे २०२३ च्या दररचनेत १०० मेगाबिट आणि वरच्या योजनांवरचं क्षमतेचं वेगळं भाडं काढून टाकलं.

खटपट्या

दरापलीकडचा एक भाग राहिलाय: वेळ. घाऊक जोडणी उशिरा दिली की स्पर्धक आपोआप मरतो, दर कितीही चांगला असो. म्हणून उशिराबद्दल दंड लिहिलेला असतो. आणि तिथेही पळवाट निघते. ओपनरीचच्या करारात अशी तरतूद होती की काही परिस्थितीत ग्राहकाने मुदतवाढीला संमती दिली असं गृहीत धरता येईल. बीटीने जानेवारी २०१३ ते डिसेंबर २०१४ या काळात ही तरतूद चुकीच्या पद्धतीने वापरून इथरनेट जोडण्यांच्या उशिराची भरपाई कमी दिली, असं ऑफकॉमला चौकशीत आढळलं. मार्च २०१७ मध्ये ४.२ कोटी पाउंड दंड, शिवाय स्पर्धकांना पूर्ण भरपाई. एका "गृहीत संमती"च्या कलमाने एवढं केलं. घाऊक करार वाचताना "मुदत" हा शब्द येईल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि घड्याळ कधी थांबतं ते शोधा.

स्वतःच्या किरकोळ विभागाला आणि बाहेरच्याला लागणारे दिवस वेगवेगळे मोजून महिन्याला प्रसिद्ध करायला लावणं हा यावर चांगला उतारा. त्याहून चांगला म्हणजे दोघांनाही तेच ऑर्डर सॉफ्टवेअर वापरायला लावणं.

लहरमोजणी

मोबाइलचंही थोडं येऊ द्या. अनेक देशांत बहुतेकांचं ब्रॉडबँड मोबाइलवरच आहे. तिथे पहिला अडथळा स्पेक्ट्रमची राखीव किंमत, म्हणजे लिलावातली किमान किंमत. भारतात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ मध्ये प्रति मेगाहर्ट्झ ११,४८५ कोटी रुपये राखीव किमतीला लिलावात ठेवला, एकही बोली नाही. २०२१ मध्येही नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आणल्यावर विकला गेला. दूरवर आणि भिंतीआड पोचणारा हाच पट्टा, आणि तो सहा वर्षं पडून राहिला. जादा किंमत मागून सरकारला तेवढ्या काळात मिळालं शून्य.

दुसरा अडथळा कॉल जोडणी शुल्क. ग्राहक कुठल्याही कंपनीचा असो, त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता फक्त त्याच कंपनीकडून जातो. नव्या कंपनीचे बहुतेक कॉल बाहेर जातात, त्यामुळे ती मोठ्यांना पैसे देत बसते. ट्रायने हे शुल्क १ ऑक्टोबर २०१७ पासून मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैसे केलं आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. अर्थात यात मोठ्यांचं उत्पन्न जातं आणि नव्याचा फायदा होतो, त्यामुळे वेळ निवडण्यावरून आरोप होतातच.

शंकेखोर

आणि जिथे कोणीच खोदायला तयार नाही तिथे? स्पर्धा कशाची करणार?

आकडेमोड

तिथे अनुदान, आणि अनुदानाआधी नकाशा. अमेरिकेत जुन्या पद्धतीत जनगणनेच्या एका गटात एक जरी ठिकाण सेवेत असलं तरी अख्खा गट "सेवा उपलब्ध" धरला जायचा. ग्रामीण भागात असा गट मैलोन्‌मैल पसरलेला असतो. रस्त्यालगतच्या एका घरामुळे आतली सगळी घरं अनुदानाच्या यादीतून गायब. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकेका इमारतीच्या पातळीवरचा नकाशा आला, आणि त्यावर कोणीही हरकत घेऊ शकतं.

नकाशानंतर उलटा लिलाव: कमीत कमी अनुदानात कोण सेवा देईल. डिसेंबर २०२० मधल्या लिलावात दहा वर्षांसाठी ९.२ अब्ज डॉलरच्या बोली जिंकल्या गेल्या. पण बोली लावणाऱ्याची सखोल तांत्रिक आणि आर्थिक तपासणी लिलावानंतर होती. काहींनी झेपणार नाहीत असे वेग लिहून बोली मारल्या, नंतर माघार घेतली किंवा अपात्र ठरले. दरम्यान ते भाग इतर योजनांतून वगळलेले, कारण "तिथे काम मंजूर आहे". जिंकलेल्या भागांत विमानतळ आणि पार्किंगच्या जागाही निघाल्या. क्रम उलटा हवा: आधी तपासणी आणि बँक हमी, मग बोली. अनुदान टप्प्याटप्प्याने, जोडलेल्या घरांचा पुरावा पाहून. आणि अनुदानातून टाकलेलं जाळं घाऊक दराने सर्वांना खुलं, नाहीतर सरकारी पैशातून नवी मक्तेदारी उभी राहते.

डक्टवाला

एक स्वस्तातला उपाय विसरू नका: स्थानिक इंटरनेट एक्स्चेंज, म्हणजे कंपन्या आपापसातला डेटा थेट देतात-घेतात ती जागा. केनियात २००० च्या अखेरीस ते सुरू झालं, जुन्या कंपनीच्या तक्रारीवरून नियामकाने दोन आठवड्यांत बंद पाडलं, २००२ मध्ये पुन्हा सुरू झालं. ते नव्हतं तेव्हा एकाच शहरातल्या दोन कंपन्यांमधला ईमेल उपग्रहाने परदेशात जाऊन परत यायचा, दोन्ही वेळा डॉलर मोजून. सुरुवातीला लागतं ते एक स्विच, एक खोली, भरवशाची वीज आणि कोणाच्याही मालकीची नसलेली जागा. शेवटची अट सर्वांत अवघड.

शंकेखोर

सांधाजोड, कपाटाच्या फोटोची अट आवडली. पण फोटो जुनाच परत अपलोड केला तर?

सांधाजोड

करतात ना. म्हणून आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो, दोन्हींवर वेळ आणि जागेची नोंद, आणि कपाटाच्या दारावरचा क्रमांक चौकटीत दिसलाच पाहिजे. शिवाय पुढच्या कंपनीचा तंत्रज्ञ आला की त्याचा "आधीचा" फोटो मागच्याच्या "नंतरच्या"शी जुळवायचा. जुळला नाही तर त्या दोघांमधल्या काळात दार कोणी उघडलं ते कुलपाच्या नोंदीत निघतं. कुलूप साध्या किल्लीचं असेल तर मात्र काही निघत नाही, कारण त्या किल्लीच्या नकला सगळ्यांकडे असतात.